भिवपिंपरीच्या पावसाचे सांधे

पाटबंधारे खात्याच्या कचेरीत राधाकृष्ण साहेबांनी टेबलावर आलेखाचा कागद पसरला, आणि प्रज्ञाला पहिला राग आला तो त्या कागदाच्या नेटकेपणाचा. निळ्या शाईत भिवपिंपरीचा पाऊस, काळ्या शाईत आजूबाजूच्या तीन केंद्रांची सरासरी, आणि १९७४ सालावर एक उभी तांबडी रेघ. ही तांबडी रेघ म्हणजे तिचा बाप.

"रागावू नका मॅडम," साहेब म्हणाले. "तुमचे वडील आहेत म्हणूनच तुम्हाला मुद्दाम बोलावलं. हे बघा, एकावन्न ते त्र्याहत्तर भिवपिंपरीचा पाऊस शेजाऱ्यांच्या बरोबरीने चालतो. शेजारी शंभर, तर आपणही शंभर. चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये कोंडीराम पर्जन्यमापक बघायला लागले, आणि तिथून पुढच्या तेवीस वर्षांत शेजारी शंभर तर आपण एकोणनव्वद. आता ढगांना काय ठाऊक, चौकीदार बदलला म्हणून?"

"म्हणजे तुमचं म्हणणं काय?"

"माणूस पावसात बाहेर पडतच नव्हता. घरात बसून आकडे लिहायचा. एखाद्या वर्षी बरोबर, एखाद्या वर्षी कमी, जसं मनाला येईल तसं. चोवीस तारखेला समिती बसते आहे. तेवीस वर्षांची नोंद अविश्वसनीय म्हणून रद्द करावी, असा माझा अहवाल तयार आहे." मग त्यांनी चष्मा काढला आणि जरा मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही कॉलेजात हेच संख्याशास्त्र शिकवता. माझी चूक दाखवा, मी अहवाल मागे घेतो."

माणूस वाईट नव्हता, हेच तर अवघड होतं. वाईट असता तर प्रज्ञा दोन शब्द सुनावून मोकळी झाली असती.

कोंडीराम भिंगारदिवे शेवगाव तालुक्यातल्या भिवपिंपरीला पाटबंधाऱ्याच्या बंगल्यावर चौकीदार होता. बंगल्याच्या अंगणात पर्जन्यमापक. वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी रेघा मारलेल्या मापाच्या काचेत ओतायचं, रेघ बघायची आणि आकडा वहीत लिहायचा. सख्ख्या भावाचं लग्न लागलं न लागलं तोच हा गडी मिळेल त्या गाडीने परत आलेला, का तर सकाळची नोंद चुकेल. तीन महिन्यांनी, मे महिन्यात, तो निवृत्त होणार होता. आयुष्यभर केलं काय असं कुणी विचारलं असतं तर त्याने त्या वह्याच दाखवल्या असत्या. आणि त्यावर आता तांबड्या शाईने 'अविश्वसनीय' असं लिहिलं जाणार होतं.

प्रज्ञाने सेहेचाळीस वर्षांचे महिन्यामहिन्याचे आकडे उतरवून घेतले. साहेबांनी खात्याची एक जुनी माहितीपुस्तिकाही दिली. एसटीत बसल्यावर मात्र ती वर्षं मोजू लागली. ती बाराव्या वर्षापासून वसतिगृहात, मग पुण्याला, आता संगमनेरला. आबा रोज सकाळी अंगणात जात होते, हे तिने पाहिलं होतं किती? सुट्टीतलं तेवढंच. खरंच काही वर्षं कंटाळून त्यांनी आकडे ठोकून दिले असतील तर? हा विचार आला म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली, पण विचार काही गेला नाही.

साहेबांच्या कागदातली खोट तिला दिसत होती. नोंदीत एखाद्या जागी वागणूक बदलते, त्या जागेला ती सांधा म्हणायची. साहेबांनी आधीच ठरवून टाकलं होतं की सांधा एकच आहे आणि तो चौऱ्याहत्तरला आहे, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर माणूस एकच होता. पण सांधे तीन असले तर? की मुळी नसलाच? आकडे इतके वरखाली की नुसत्या डोळ्यांना हवं ते दिसावं. आणि प्रज्ञा वर्गात शिकवायची त्या सगळ्या रीती सुरुवातीलाच विचारायच्या: बाई, सांधे किती ते सांगा, मग ते कुठे आहेत ते आम्ही सांगतो. किती तेच माहीत नसेल तर काय करायचं, याला पाठ्यपुस्तकात उत्तर नव्हतं.

उत्तर तिच्या कपाटात होतं. दोन वर्षांपूर्वी इंग्लंडात छापून आलेला एक लेख तिच्या पुण्याच्या सरांनी झेरॉक्स काढून पाठवला होता. तिने तो तीनदा वाचला होता आणि तिन्ही वेळा अर्ध्यात सोडला होता.

रमाई जयंतीला ती भिवपिंपरीला गेली ती तो लेख घेऊनच. विहारापुढच्या मांडवात घराघरातून भाकरी येऊन पडत होत्या, आणि तिची आई भामाबाई त्या चळती लावत होती. भामाबाईची एक ख्याती होती. चळत समोर आली की ती बघून सांगायची, ह्यात किती बायकांचा हात आहे. वस्तीतल्या बायका तिला मुद्दाम फसवायला भाकरी मिसळून आणायच्या.

"ह्यात तीन हात हायेत," भामाबाई एका चळतीकडे बघून म्हणाली.

"चार!" बनुबाई हसली. बनुबाई शेजारच्या घरातली, आणि हरणं तिला ठाऊक नव्हतं. "ही जाड भाकर बघा की, ही चौथीची."

"न्हाई. ती तुजीच हाय. शेवटाला दमलीस, म्हून जाड झाली. दमली बाई, तर भाकर जाड व्हते. त्याला चौथी बाई कशापायी आनायची?"

बनुबाईने कपाळावर हात मारला. मांडवात हशा पिकला, आणि प्रज्ञा हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली.

"आई, तू मोजतेस कशी? आधी किती बायका ते धरून चालतेस का?"

"अगं, आधी कसं धरू? एकीच्याच समद्या म्हनून बघते. पटलं न्हाई तर दोन वाटे करते. एका वाट्यात अजून दोन दिसल्या तर तो फोडते. फोडून काय उपेग न्हाई झाला, तर परत एक करते. फोडायचं, जोडायचं. जिथं मन ठरतं तेवढ्या बायका."

प्रज्ञाने ताट खाली ठेवलं आणि आईला मिठी मारली. भामाबाईचे हात पिठाचे, तिला काही कळेना. पण लेखातली ती अडलेली आठ पानं प्रज्ञाच्या डोक्यात एका दमात सुटली होती. गणकयंत्राने हेच करायचं. कधी एक सांधा घालून बघायचा, कधी एक काढून. सांधा घातल्याने आकडे नीट बसतात की ती नुसती दमलेल्या बाईची भाकर आहे, ते तोलायचं, आणि मग त्या नव्या मांडणीवर उडी मारायची की नाही ते ठरवायचं. अशा लाखो उड्या. ज्या संख्येवर यंत्र जास्त वेळ रेंगाळेल, तेवढ्या सांध्यांवर आपला तेवढा विश्वास.

संगमनेरच्या कॉलेजात दोन संगणक, त्यातला चालणारा एक. विद्यार्थी गेले की तो प्रज्ञाचा. तिने आठ दिवस प्रोग्रॅम लिहिला. सुरुवातीला आपला अंदाज काय, तोही यंत्राला सांगावा लागतो. इथे तिचा हात अडखळला. चौऱ्याहत्तर सालाला थोडं कमी वजन दिलं तर कोण विचारणार होतं? तिने प्रत्येक सालाला सारखं वजन दिलं. बापाच्या बाजूने एक दाणाही जास्त टाकला नाही, आणि टाकला नाही म्हणून तिला रडूही आलं.

पहिल्यांदा प्रोग्रॅम चालला तो सुटलाच. सांधे दोन, पाच, अकरा, तेवीस! जिथे तिथे सांधे. भिवपिंपरीचा पाऊस जणू दर महिन्याला धर्म बदलत होता. प्रज्ञाने तीन दिवस चूक शोधली. शनिवार उजाडला. समितीची बैठक सोमवारी.

चूक सापडली ती शनिवारी दुपारी, डबा खाताना. सांधा घालून एका सरासरीच्या जागी दोन सरासऱ्या केल्या की मोजायची जागाच बदलते, ताणली जाते. जेवढी ताणली तेवढ्याने उडीच्या हिशोबाला गुणायचं असतं. लेखात ते स्पष्ट लिहिलं होतं, आणि ती एक ओळ तिने गाळली होती. म्हणून प्रत्येक नवा सांधा तिच्या यंत्राला फुकटात मिळत होता. माप बदललं आणि तिने जुन्याच मापाने वाचलं.

घास तोंडात ठेवूनच तिने ती ओळ घातली. यंत्र पाऊण तास घरघरलं. ती वऱ्हांड्यात जाऊन आली, परत गेली, नखं खाल्ली, देवावर विश्वास नसताना कुणाला तरी विनवून झालं. मग पडद्यावर आकडे उमटले.

दोन लाख उड्या. सांधा नाही: शून्य. एक सांधा: शंभरात चार. दोन सांधे: अठ्ठ्याहत्तर. तीन: पंधरा. बाकी त्याहून जास्तीचे, किरकोळ.

"दोन!" प्रज्ञा रिकाम्या खोलीत ओरडली. कुठे? पहिला एक्क्याऐंशीच्या जुलैत. दुसरा अठ्ठ्याऐंशीच्या जूनला. चौऱ्याहत्तर साली यंत्राने सांधा घालून पाहिला होता, नाही असं नाही, पण दर वेळी लगेच काढून टाकला होता. कोंडीराम नोकरीला लागला त्या साली पावसाला काहीही झालं नव्हतं! पहिली सात वर्षं शंभराला शंभर. शेवटची नऊ वर्षं शंभराला शंभर. मधली सात तेवढी कमी, आणि तीच साहेबांची सरासरी खाली ओढत होती.

ती खुर्चीतून उठून नाचली म्हटलं तरी चालेल. शिपाई डोकावून गेला.

मग ती परत बसली, कारण साहेब काय म्हणणार ते तिला ऐकू येत होतं. ठीक आहे मॅडम, मग सातच वर्षं घरी बसून लिहिलं. तेवीस नाही, सात रद्द करू. आणि वह्यांवर तांबडी शाई ती तांबडी शाईच.

मधल्या सात वर्षांत किती कमी? यंत्राने तेही दिलं होतं: शंभराला त्रेसष्ट. एक्क्याऐंशीतही त्रेसष्ट, पंच्याऐंशीच्या दुष्काळातही त्रेसष्ट, धो धो पावसातही त्रेसष्टच. मनाने आकडे ठोकणारा माणूस सात वर्षं असा एकाच पटीत ठोकेल? प्रज्ञा 'त्रेसष्ट' कागदावर गिरवत राहिली. माप बदललं आणि जुन्याच मापाने वाचलं, हे तिचंच वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. तिने खात्याची पुस्तिका उघडली. जुना पितळी पर्जन्यमापक, तोंडाचा व्यास पाच इंच. नवा फायबरचा, तोंडाचं क्षेत्रफळ दोनशे चौरस सेंटिमीटर. प्रत्येकाची मापाची काच वेगळी. पाच इंच म्हणजे बारा पूर्णांक सात सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ एकशे सव्वीस आणि वर थोडं. तिने दोनशेने भागलं.

शून्य पूर्णांक त्रेसष्ट.

तिने पुन्हा भागून पाहिलं. जुन्या नरसाळ्याचं पाणी, नव्या मापाच्या काचेत!

रविवारी सकाळी ती भिवपिंपरीत पोचली तेव्हा कोंडीराम बंगल्याच्या ओट्यावर कंदिलाच्या काचा पुसत होता.

"आबा," तिने पिशवीही खाली न ठेवता विचारलं, "एक्क्याऐंशीच्या जुलैत काय झालं होतं?"

कोंडीरामचा हात थांबला. "तुला कुनी सांगितलं?"

"तुमच्याच आकड्यांनी. मापाची काच बदलली ना?"

त्याने कंदिलाची काच खाली ठेवली. मग फडकं घडी करून मांडीवर ठेवलं. "सटकली हातातनं. वल्ला हात हुता. त्या येळचा कारकून रोज म्हनायचा, ह्या लोकांच्या हाती सरकारी वस्तू देऊ नये. काच फुटली म्हनून कळवलं असतं, तर त्याला आयतंच सापडलं असतं. म्हून न्हाई कळवलं. पल्याडच्या बंगल्यावर पुंजाराम हुता, आपल्यातलाच. त्याच्याकडं नवं यंत्र आल्यालं, आन एक काच जास्तीची हुती, ती आनली. रेघा सारख्या, आकडे सारखे. म्या म्हनलं, काच ती काच."

"आणि अठ्ठ्याऐंशीत?"

"नवं यंत्र आलं न्हवं का, फायबरचं. त्याची त्याची काच आली संगट. ही माळ्यावर टाकली. हाय अजून, जुन्या पितळी नरसाळ्याशेजारी."

प्रज्ञाने पिशवी खाली ठेवली. मग तिने विचारलंच, "सात वर्षं तुम्हाला पाऊस कमी वाटला नाही आबा?"

"लई वाटायचा!" कोंडीराम एकदम उसळला. "वढ्याला गुडघाभर पानी, आन काच म्हनायची पंचवीस. माझं मन म्हनायचं, चाळीसला कमी न्हाई. पर म्या काय ढग हाय का? काचंनं सांगितलं ते लिवायचं, का मनाचं लिवायचं?"

तिने पदराने डोळे पुसले आणि हसायलाही लागली. चाळीसचे त्रेसष्ट टक्के म्हणजे पंचवीस. घरी बसून मनाने आकडे लिहिले असते तर ते बरोबर आले असते! चुकले ते यासाठी, की हा माणूस रोज अंगणात गेला आणि काच म्हणेल तेच लिहीत राहिला. हे बापाला सांगताना तिचे शब्द एकमेकांवर आदळत होते. कोंडीरामने ते दोनदा समजावून घेतलं. मग तो म्हणाला, "म्हंजे सात वरसं गावाचा पाऊस म्या कमी लिवला." त्याच्या तोंडावर सुटकेचा मागमूस नव्हता.

"उद्या मी साहेबांना सांगते," प्रज्ञा घाईने म्हणाली. "काच खात्याकडूनच चुकीची आली असेल असं लिहू. फुटल्याचं कुणाला काय करायचं आहे? त्रेसष्टचं गणित तेवढं पुरे."

"तू गनित सांग," कोंडीराम म्हणाला. "काचंचं म्या सांगतो."

सोमवारी समिती बसायच्या तासभर आधी बापलेक साहेबांच्या खोलीत उभे राहिले. कोंडीरामच्या हातात कपड्यात गुंडाळलेलं पितळी नरसाळं, रुमालात काच आणि काखेत एक्क्याऐंशीची वही. प्रज्ञाने पाच मिनिटांत सगळं सांगितलं, इतक्या वेगाने की साहेबांनी दोनदा हात वर केला. किती सांधे ते आपण ठरवायचं नाही, ते आकड्यांना ठरवू द्यायचं, या वाक्यावर ते थबकले आणि स्वतःच्या तांबड्या रेघेकडे बघत राहिले.

मग त्यांनी पट्टी काढली आणि नरसाळ्याच्या तोंडावर आडवी धरली. बारा पूर्णांक सात. काच हातात घेऊन तिच्या बुडाशी कोरलेली बारीक इंग्रजी अक्षरं त्यांनी खिडकीच्या उजेडात वाचली. दोनशे चौरस सेंटिमीटरच्या यंत्रासाठी. कोंडीरामला इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि सात वर्षांत तपासणीला आलेल्या एकाही साहेबाने ती अक्षरं वाचली नव्हती. हे राधाकृष्ण साहेबांच्याच तोंडून बाहेर पडलं, जरा खालच्या आवाजात.

"नोंद राहील," ते म्हणाले. "सगळी तेवीस वर्षं. मधल्या सात वर्षांचे आकडे एक पूर्णांक अठ्ठावन्नने गुणायचे, एवढा शेरा पुरे. मॅडम, तुमचा तो कागद मला जोडायला द्या." प्रज्ञाने कागद पुढे केला. साहेब पेन उघडत पुढे म्हणाले, "काच कशी बदलली ते लिहायची काही गरज नाही कोंडीराम. सोळा वर्षं झाली. तीन महिन्यांत तुम्ही सुटाल."

"सायेब, पेन द्या."

साहेबांनी पेन पुढे केलं. कोंडीरामने वही उघडून जुलैचं पान काढलं. शेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. तो उभ्यानेच वाकला आणि एकेक अक्षर टेकवत लिहू लागला. प्रज्ञा त्याच्या खांद्यावरून वाचत होती. एकदा तिला वाटलं हात धरावा, पण तिने धरला नाही.

'दि. ११ जुलै १९८१. मापाची काच माझ्या हातून फुटली. भीतीने सांगितले नाही. दुसरी वापरली, ती चुकीची निघाली. पाऊस रोज पाहिला. कोंडीराम भिंगारदिवे, चौकीदार. दि. २४-२-९७.'

साहेबांनी ते वाचलं, उठून उभे राहिले, आणि खाली आपली सही केली.